खिडकी, धोतर आणि पांढरा पुठ्ठा : घरच्या उजेडात चेहऱ्याचा फोटो कसा सुधारतो

घरातले एखादे वडीलधारे माणूस गेले की फोटोची शोधाशोध सुरू होते, आणि चौघांच्या मोबाइलमध्ये मिळून हजारो फोटो असूनही भिंतीवर लावण्याजोगा एकही सापडत नाही. एका फोटोत अर्धा चेहरा काळोखात असतो, दुसऱ्यात डोळ्यांच्या जागी नुसते खळगे दिसतात, तिसऱ्यात मागची खिडकी एवढी भगभगते की माणसाची फक्त काळी आकृती उरते. मग कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तो चेहरा कापून मोठा केला जातो, आणि पुढे घरातली नातवंडे त्या धूसर, फुटक्या ठिपक्यांच्या चेहऱ्यालाच आपले आजोबा म्हणून ओळखतात. हे मी आमच्या नात्यात एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटले आहे, कारण ते टाळण्यासाठी लागणारे सगळे सामान त्या त्या घरात होते.

हीच अडचण लहानसहान प्रसंगांतही येते. स्थळासाठी पाठवायचा फोटो मनासारखा येत नाही, परीक्षेच्या अर्जाला जोडलेला फोटो चेहऱ्यावर सावली आहे म्हणून परत येतो, आणि फोन महागाचा घेतला तरी घरात काढलेले फोटो काळवंडलेलेच राहतात. दोष बहुतेक वेळा फोनचा नसतो. चेहऱ्यावर पडणारा उजेड केवढ्या आकाराच्या जागेतून आला, कोणत्या बाजूने आला आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला काय होते, या तीन गोष्टींवर फोटो ठरतो. आणि या तिन्ही गोष्टी खिडकी, कापड आणि पुठ्ठा एवढ्यावर बदलता येतात.

डोळ्याला दिसते ते कॅमेऱ्याला का दिसत नाही

एखाद्या जागी किती उजेड पडतो हे ज्या एककात मोजतात त्याला लक्स म्हणतात. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो, ढगाळ दिवशी मोकळ्या जागेत तो १०,००० च्या आसपास येतो, आणि घरात खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीपाशी तो अनेकदा १०० लक्सच्याही खाली असतो. म्हणजे अंगणातून माजघरात येईपर्यंत उजेड हजारपटीने कमी झालेला असतो. आपल्याला मात्र ‘आत जरा अंधार आहे’ एवढेच जाणवते. डोळ्याची बाहुली लहान-मोठी होते, डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या पेशी जुळवून घेतात आणि मेंदू उरलेले काम करतो. आपण खिडकीकडे पाहतो तेव्हा डोळा खिडकीपुरता जुळतो, शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहतो तेव्हा त्याच्यापुरता जुळतो, आणि या अनेक दृष्टिक्षेपांतून एकच सलग दृश्य पाहिल्याचा आपला समज होतो.

कॅमेऱ्याला अशी सवलत नसते. फोटो टिपताना किती उजेड आत घ्यायचा याचे एक माप त्याला ठरवावे लागते, आणि त्या मापालाच एक्स्पोजर म्हणतात. एकाच मापाची दोन भांडी, एक जोरदार आणि एक बारीक धारेच्या नळाखाली, तेवढाच वेळ धरल्यासारखे हे आहे: ज्या वेळात खिडकीचे भांडे भरून वाहू लागते, तेवढ्याच वेळात चेहऱ्याच्या भांड्यात जेमतेम तळाला पाणी जमते. म्हणून घरातल्या फोटोत आपले खरे काम ‘जास्त उजेड’ मिळवण्याचे नसते. चेहऱ्याची उजळ बाजू, अंधारी बाजू आणि मागची भिंत यांच्यातला फरक कॅमेऱ्याला पेलेल इतका कमी करण्याचे असते.

उजेडाचा आकार म्हणजे काय

पौर्णिमेच्या रात्री हात लांब करून करंगळी चंद्रावर धरली तर चंद्र पूर्ण झाकला जातो. आकाशात सूर्यही जवळजवळ तेवढाच दिसतो, सुमारे अर्ध्या अंशाचा. (सूर्यावर हा प्रयोग कृपया करू नये.) तो प्रत्यक्षात सुमारे १४ लाख किलोमीटर व्यासाचा असला तरी १५ कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे आपल्या चेहऱ्याच्या दृष्टीने तो एक टिकलीएवढा दिवा आहे. लहान दिव्याचा उजेड एकाच दिशेने येतो, त्यामुळे नाकाची सावली गालावर चाकूने कापल्यासारखी पडते. अशा उजेडाला आपण कठोर उजेड म्हणू.

आता एक मीटर रुंदीचे पांढरे कापड चेहऱ्यापासून एक मीटरवर ताणून धरले आणि त्याच्यामागून ऊन येऊ दिले, तर चेहऱ्याला सूर्य दिसत नाही, उजळलेले कापड दिसते; आणि ते कापड ५० अंशांहून थोडी अधिक रुंदी व्यापते. म्हणजे सूर्याच्या मानाने उजेडाची रुंदी सुमारे शंभरपट झाली. नाकाच्या एका बाजूने अडलेला किरण दुसऱ्या बाजूने वळसा घेतल्यासारखा पोहोचतो, सावलीची कड विरघळते आणि गालावर उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू उतार तयार होतो. हा मृदू उजेड. नळीच्या एकाच धारेने झाडाला पाणी घातले तर मातीत खड्डा पडतो आणि झारीने घातले तर सगळी माती सारखी भिजते, तसा हा फरक आहे. पाणी दोन्हीकडे तेवढेच असू शकते.

यातून एक नियम निघतो. उजेड मृदू आहे की कठोर हे दिव्याच्या जातीवर ठरत नाही. चेहऱ्याच्या जागी बसून पाहिले असता तो केवढा दिसतो यावर ठरते. त्यामुळे तीच खिडकी, तिच्यापासून दोन हातांवर बसलेल्या माणसासाठी मोठी आणि मृदू असते, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसासाठी लहान आणि बऱ्यापैकी कठोर होते. या एका नियमाने पुढच्या निम्म्या अडचणी सुटतात.

आपल्याकडचा सूर्य आणि उत्तरेची खिडकी

वीज येण्यापूर्वी छायाचित्रकार आणि चित्रकार उत्तरेकडच्या खिडकीजवळ माणसाला बसवत. युरोपात सूर्य वर्षभर दुपारी दक्षिणेकडेच असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून ऊन न येता फक्त आकाशाचा सारखा उजेड येतो. हा सल्ला आजही सर्रास दिला जातो, पण महाराष्ट्रात तो थोडा दुरुस्त करून घ्यावा लागतो. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे पुण्या-मुंबईत मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. आणि मधल्या दोन-अडीच महिन्यांत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. शिवाय २१ मार्च ते २३ सप्टेंबरच्या दरम्यान सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, त्यामुळे उन्हाळ्यात उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरके ऊन शिरते. दिवाळीपासून होळीपर्यंत मात्र उत्तरेची खिडकी दिवसभर विश्वासाची असते.

दिशा लक्षात ठेवण्यापेक्षा एक सोपी परीक्षा अधिक उपयोगी आहे. खिडकीजवळ हाताचा पंजा आडवा धरावा आणि त्याची सावली पाहावी. बोटे वेगवेगळी मोजता आली तर उजेड कठोर आहे. सावली धुरकट पडली तर मृदू आहे. पश्चिमेची खिडकी सकाळी आणि पूर्वेची खिडकी दुपारनंतर ही परीक्षा हमखास उत्तीर्ण होते.

शून्य सावलीच्या दिवसांवरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे लग्नसराईच्या ऐन हंगामात, सकाळी अकरा ते दुपारी दोनपर्यंत ऊन जवळजवळ सरळ खाली येते. भुवयांची सावली डोळ्यांवर आणि नाकाची सावली ओठांवर पडते. त्या वेळी मांडवाबाहेर काढलेल्या प्रत्येक फोटोत डोळ्यांचे खळगे होतात ते यामुळे.

माणसाला कुठे आणि कसे बसवावे

शेकोटीजवळ बसणाऱ्याला हे सांगावे लागत नाही की एक हात मागे सरकले तरी ऊब चटकन कमी होते. उजेडाचेही तसेच आहे. दिवा अगदी लहान असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. खिडकी मोठी असल्यामुळे तिच्या बाबतीत घट इतकी तंतोतंत होत नाही, पण तिच्यापासून तीन फुटांवरचा आणि नऊ फुटांवरचा उजेड यांत मोठा फरक पडतोच. म्हणून माणसाला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर बसवावे.

बसवताना तीन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवणे. मग कॅमेरा बाहेरच्या आकाशाचे माप घेतो आणि चेहरा काळा पडतो. दुसरी म्हणजे फोटो काढणाऱ्यानेच खिडकी अडवून उभे राहणे. तिसरी, आणि सर्वांत जास्त होणारी, म्हणजे खिडकी बरोबर बाजूला ठेवून चेहरा सरळ समोर धरणे, ज्यामुळे एक गाल उजळतो आणि दुसरा नाहीसा होतो. माणूस खिडकीच्या बाजूला तिरका, म्हणजे साधारण अर्ध्या काटकोनात वळलेला असावा आणि फोटो काढणाऱ्याने खिडकीच्या शेजारच्या भिंतीला पाठ लावावी. बरोबर जमले आहे का, हे डोळ्यांत पाहून कळते. दोन्ही बुबुळांत खिडकीचा लहानसा पांढरा चौकोन दिसत असेल तर उजेड डोळ्यांपर्यंत पोहोचतो आहे. तो चौकोन नसेल तर डोळे निस्तेज येतात आणि फोटोतला माणूस थकलेला वाटतो; मग हनुवटी किंचित वर किंवा खिडकीकडे वळवावी.

खिडकीच्या उंचीकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. आकाशाचा उजेड वरून येण्याची आपल्या डोळ्यांना सवय आहे, त्यामुळे उजेड चेहऱ्याच्या किंचित वरून आला की चेहरा स्वाभाविक वाटतो आणि खालून आला की विचित्र वाटतो. जुन्या घरांतल्या खिडक्या बुटक्या असतात आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोके खिडकीच्या वरच्या चौकटीपाशी जाते. अशा वेळी माणसाला खाली पाटावर किंवा सतरंजीवर बसवावे. खिडकी आपोआप वर जाते. खिडकी जमिनीपर्यंत उतरलेली असेल, जशी हल्लीच्या फ्लॅटच्या बाल्कनीला असते, तर तिचा खालचा अर्धा भाग गडद चादरीने झाकावा. एकोणिसाव्या शतकातल्या दिवसाउजेडी स्टुडिओंमध्ये काचेच्या छताखाली आणि भिंतींना पडदे लावलेले असत, आणि कोणता पडदा किती सरकवायचा हेच त्या छायाचित्रकाराचे मुख्य कौशल्य होते.

त्या काळातले एक उदाहरण मला विशेष प्रिय आहे. १८१५ साली कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना वयाच्या ४८व्या वर्षी मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावरच्या आपल्या घरात त्यांनी कोळशाच्या खोलीत फोटो धुण्याची सोय केली आणि काच लावलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. त्यांनी घेतलेली माणसांची छायाचित्रे आज मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांतला उजेड त्या खुराड्याच्या काचांतून आलेला आहे.

पांढऱ्या पुठ्ठ्याचे काम

इतके केल्यावरही चेहऱ्याची खिडकीपासून दूरची बाजू अंधारी राहतेच. तिथे उजेड परत पाठवणारी वस्तू लागते; तिला परावर्तक म्हणतात. कॅरममध्ये स्ट्रायकर कडेवर ज्या कोनात आपटतो त्याच कोनात तो पलीकडे जातो, तसा उजेड आरशावरून परततो. पांढऱ्या कागदावर मात्र तो तसा परतत नाही. तिथे प्रत्येक किरण सर्व दिशांना विखुरतो, चिमटीतून सोडलेल्या रांगोळीसारखा. त्यामुळे आरसा किंवा घासलेली स्टीलची परात चेहऱ्यावर एक झगझगीत कवडसा टाकते, तर पांढरा पुठ्ठा स्वतःच एक लहान, मंद खिडकी बनतो.

चांगला पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे चार-पंचमांश परत पाठवतो, पण तो विखुरत असल्याने पुठ्ठा जवळ असावा लागतो. शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेले कार्डशीट, फ्रिज किंवा कूलरच्या खोक्यावर चिकटवलेले पांढरे कागद, खुर्चीच्या पाठीवर टाकलेली पांढरी चादर, दारावर अडकवलेले पांढरे धोतर, यांपैकी काहीही चालते. ते माणसापासून दीड-दोन फुटांवर, खिडकीच्या विरुद्ध बाजूला आणि चेहऱ्याच्या थोडे पुढे असावे. चेहऱ्याच्या मागे धरलेला पुठ्ठा कानाला उजळतो आणि गाल तसाच राहतो. फोनच्या पडद्याकडे पाहत कुणाला तरी पुठ्ठा हळूहळू पुढे-मागे करायला सांगावा. गालावरची सावली कमी-जास्त होताना डोळ्यांसमोर दिसते, आणि एकदा ते दिसले की पुढे कुणाचा सल्ला लागत नाही.

किती जवळ न्यावा हा आवडीचा प्रश्न आहे, पण माझे मत असे की सावली पूर्ण पुसू नये. दोन्ही गाल सारखेच उजळले की चेहरा थाळीसारखा सपाट होतो आणि नाक, गालाची हाडे, हनुवटी यांची घडण हरवते. ओळखपत्राचा फोटो हा याला अपवाद आहे. तिथे चेहरा खिडकीकडे सरळ ठेवावा, दोन्ही बाजूंना पांढरे पुठ्ठे लावावेत आणि माणसाला मागच्या भिंतीपासून तीन-चार फूट पुढे बसवावे, म्हणजे भिंतीवर सावली पडत नाही.

पुठ्ठा धरायला कुणी नसेल तर पांढरा टॉवेल किंवा उशीचा अभ्रा मांडीवर पसरून बसावे, फोटोत तो येत नाही. पावसाळ्यात किंवा बाल्कनीत उजेड वरून येतो तेव्हा हनुवटीखाली आणि डोळ्यांत साचणारी सावली एवढ्यानेच निम्मी होते. पुठ्ठ्याचा उजेड अपुरा वाटला तर पोळ्या गुंडाळायची फॉइल आधी चुरगळून, मग सपाट करून पुठ्ठ्यावर चिकटवावी. चुरगळल्यामुळे तिचे हजारो लहान आरसे होतात आणि एकच कवडसा पडण्याऐवजी उजेड पसरतो. गाडीच्या समोरच्या काचेला आतून लावायचा चंदेरी पडदाही असाच उपयोगी आहे. चकचकीत वस्तूवर थेट ऊन घेऊन ते कुणाच्याही डोळ्यांत टाकू नये, आणि नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या बाबतीत तर फक्त पांढराच पुठ्ठा वापरावा.

उन्हापुढे कापड केव्हा लावावे

खिडकीतून थेट ऊन येत असेल तर गजांच्या सावल्या चेहऱ्यावर पडतात. तिथे जुने, अनेक वेळा धुतलेले मलमलचे धोतर, पांढरी मच्छरदाणी दुहेरी करून किंवा बटर पेपर चौकटीवर ताणून लावावा. उजेड पसरवणाऱ्या अशा पडद्याला विसरक म्हणतात. नवी जाड चादर उजेड पसरवते खरी, पण त्यातला बराचसा गिळूनही टाकते, म्हणून विरलेले कापड बरे. कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी टांगलेले तेच धोतर अंगणात किंवा गच्चीवर दुपारचे ऊन सौम्य करते. दोघांनी ते माणसाच्या डोक्यावर आडवे धरले तरी चालते.

बऱ्याच जणांना वाटते की पडदा लावला की उजेड नेहमीच मृदू होतो. खिडकीतून ऊन येत नसेल, फक्त आकाश दिसत असेल, तर तो उजेड आधीच पसरलेला असतो. तिथे पडदा लावून काही मृदू होत नाही, उलट जो थोडा उजेड आहे तोही घटतो. अशा खिडकीचा पडदा, कबुतरांची जाळी आणि डासांची सरकती जाळी बाजूला करावी. गजांची मात्र तेव्हा काळजी नको, कारण मोठ्या उजेडापुढे बारीक गजाची सावली टिकत नाही.

काळी घोंगडी

कधी कधी उजेड इतक्या बाजूंनी येतो की चेहऱ्याला आकारच राहत नाही. ढगाळ दिवशी गच्चीवर असे होते. तेव्हा चेहऱ्याच्या एका बाजूला काळी घोंगडी, काळी शाल किंवा उघडलेली काळी छत्री धरावी. ती त्या बाजूचा उजेड शोषून घेते आणि गालाखाली हलकी सावली परत येते. चित्रीकरणाच्या सेटवर थर्माकोलचा पांढरा तक्ता आणि ‘कटर’ नावाचा काळा पडदा ही जोडी याच कामासाठी असते.

रंग कुठून येतो

परावर्तक फक्त उजेड पाठवत नाही, आपला रंगही पाठवतो. तांबड्या कोब्याच्या जमिनीवर ऊन पडत असेल तर हनुवटीखाली तांबूस झाक येते, हिरवळीवर बसलेल्या माणसाच्या गळ्यावर हिरवट, आणि पोपटी रंगवलेल्या भिंतीजवळ तर अर्धा चेहराच आजारी दिसतो. जमिनीवर पांढरी चादर अंथरली की हे थांबते. पितळी परातीचा सोनेरी उजेड मात्र मुद्दाम वापरण्यासारखा आहे, विशेषतः पावसाळ्यातल्या निळसर दुपारी.

दिवसाच्या उजेडात फोटो काढताना घरातले दिवे बंद करावेत, याबद्दल मी आग्रही आहे. पिवळा बल्ब आणि खिडकीचे निळसर आकाश एकाच चेहऱ्यावर पडले तर एक गाल केशरी आणि दुसरा निळा होतो. कॅमेरा एकाला सुधारायला गेला की दुसरा बिघडतो. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने करणारी, असल्यामुळे आणि दर आवर्तनात ती दोनदा चढत-उतरत असल्यामुळे पुष्कळशा स्वस्त एलईडी दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात ते त्यामुळे.

‘हे सगळे आता फोनच करतो’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. आजचे फोन एकापाठोपाठ अनेक फोटो वेगवेगळ्या मापांनी टिपतात आणि ते एकत्र करून उजळ भाग आवरतात, अंधारे भाग उचलतात. त्यामुळे पूर्वी साफ वाया गेले असते असे फोटो आज पाहण्याजोगे येतात. पण जो उजेड चेहऱ्यावर पडलाच नाही तो फोन आणू शकत नाही. अंधारातला भाग तो ताणून उजळवतो, त्यात दाणे येतात, आणि दाणे पुसताना त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते. डोळ्यांतली खिडकी, गालावरचा तो उतार, यांचा तो फार तर अंदाज बांधतो. चांगल्या उजेडात मात्र पाच वर्षांपूर्वीचा साधा फोनही समाधान देतो.

फोनचा फ्लॅश हा उपाय नाही. तो वाटाण्याहून लहान आणि भिंगाला चिकटलेला असतो, म्हणजे कठोर आणि समोरून सपाट. चेहरा पांढराफटक होतो, मागची खोली काळी पडते आणि भिंतीवर डोक्याची ठळक सावली उमटते.

‘आमच्या घरात खिडकीच एवढीशी’

चाळीतल्या किंवा एका खोलीच्या घरात मोठी खिडकी नसते, पण दार असते, आणि दार ही घरातली सर्वांत मोठी खिडकी आहे. दार पूर्ण उघडून माणसाला उंबरठ्याच्या आत दोन फुटांवर, बाहेर तोंड करून बसवावे आणि फोटो बाहेरून, थोडे बाजूला उभे राहून काढावा. चेहऱ्यावर मृदू उजेड पडतो आणि मागची खोली आपोआप अंधारी होऊन सगळा पसारा झाकला जातो. खेड्यातल्या घराची ओसरी किंवा पडवी तर याहून चांगली: वर छप्पर असल्यामुळे डोक्यावरचा उजेड अडतो, समोरच्या अंगणातून मात्र भरपूर येतो. चाळीच्या गॅलरीतही हेच घडते. समोर पांढरी भिंत असलेली इमारत उन्हात न्हालेली असेल तर ती भिंतच एक अतिभव्य परावर्तक बनते. ती किती वाजता उजळते हे दोन दिवस पाहून ठेवावे.

सावळा रंग आणि फोनचे गणित

फोन आपले माप ठरवताना समोरच्या दृश्याची सरासरी काढतो आणि ती मध्यम करड्या रंगाजवळ आणू पाहतो. सावळ्या माणसामागे पांढरी भिंत असली की तो भिंतीला घाबरून उजेड कमी घेतो आणि चेहरा आहे त्याहून काळा येतो. त्यावर फोनच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून माप चेहऱ्यापुरते घ्यावे, आणि मागची भिंत शक्यतो गडद निवडावी. पांढरी साडी आणि पांढरे केस यांच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी लागते: चेहऱ्यापुरते माप घेतल्यावर ते किंचित कमी करावे, नाहीतर केसांचा एकजीव पांढरा डाग होतो.

येथे मला मनापासून एक सांगावेसे वाटते. पुठ्ठा आणि खिडकी यांचा उपयोग माणसाला गोरे करण्यासाठी नाही. सावळ्या त्वचेवर मोठ्या खिडकीचा उजेड पडला की गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या कडेवर एक हलकी चकाकी येते आणि चेहऱ्याची घडण त्या चकाकीतूनच दिसते. फोनमधली ‘सौंदर्य’ वाढवणारी सोय नेमकी तीच चकाकी पुसून टाकते. ती आधी बंद करावी.

आईचा फोटो

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या आईचा फोटो काढला. तिचे वय ८१, फोटोचा कंटाळा, आणि पाच मिनिटांहून जास्त एका जागी बसणे कठीण. म्हणून सगळी मांडामांड तिला बोलावण्याआधी करून ठेवली: उत्तरेच्या खिडकीची जाळी सरकवली, ट्यूबलाइट बंद केली, समोर पाट ठेवला, दुसऱ्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर बाबांचे जुने धोतर टाकले. तिच्या जागी आधी स्वतः बसून आरशात डोळ्यांतला चौकोन पाहून घेतला. गुडघ्यांमुळे तिला पाटावर बसवेना, म्हणून शेवटी बुटके स्टूल आणले आणि खिडकीचा खालचा वीतभर भाग टॉवेलने झाकला.

चष्म्यात खिडकी चमकत होती. चष्मा काढायला ती तयार नव्हती, आणि तिचे बरोबर होते, कारण चष्म्याशिवायची आई आम्हांला कुणालाच ओळखीची नाही. चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलल्या की काचा खाली झुकतात आणि खिडकीचे प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे न येता जमिनीकडे जाते. तेवढ्याने काम झाले. सुरकुत्यांसाठी मी काहीच केले नाही. बाजूचा उजेड त्या ठळक करतो, म्हणून धोतर थोडे जवळ घेऊन त्यांची धार कमी केली, पण त्या दिसतात.

सगळे मिळून चार मिनिटे लागली. सहा फोटोंपैकी पाच तिने नाकारले आणि एक तिच्या भावाला पाठवायला सांगितला. त्या फोटोत तिच्या दोन्ही डोळ्यांत आमची खिडकी आहे, मोठा करून पाहिला तर गजसुद्धा मोजता येतात.